सत्काराच्या शालीतून गाळलेला काढा

"आज या क्षणापासून, बंधुभगिनींनो, भारतीय यकृताला चीनकडे बघण्याची गरज उरलेली नाही!"

प्राचार्य शार्ङ्गधर देवकुळे यांनी हे वाक्य उच्चारलं, उजवा हात वर नेला आणि ते टाळ्यांसाठी थांबले. तेवढ्यात त्यांच्या हातातला माइक गोड बायकी आवाजात चिनी भाषेत काहीतरी म्हणाला आणि बंद पडला. मिरजेच्या त्या सभागृहात चिनी कोणालाच येत नव्हतं, तरी बॅटरी संपली हे सगळ्यांना कळलं. हीच बाई घरोघरी स्पीकरमधून, पाण्याच्या फिल्टरमधून आणि गणपतीच्या दिव्यांच्या माळेतून हेच सांगत असते. तिला देशाबाहेर घालवायचा ठराव अजून कोणी मांडलेला नव्हता.

पहिल्या रांगेत बसलेल्या वैजयंतीबाई, म्हणजे प्राचार्यांच्या पत्नी, ओठ मिटून हसल्या. त्यानंतर पुष्कळ दिवस त्यांना हसायचं कारण मिळालं नाही.

झालं होतं असं. चीनमध्ये शतकानुशतकं गावठी लोक एक कडू काढा पीत आले होते, भलत्याच कुठल्या दुखण्यासाठी. त्याच्या नावाचा अर्थ 'दोन दारं'. तिथल्या संशोधकांनी जुने हजारो काढे यंत्राकडून रोगी पेशींवर तपासून घेतले, तेव्हा या एका काढ्यापुढे यकृताचा कॅन्सर नांगी टाकतो असं दिसलं. त्यातला एकेक घटक वेगळा काढून पाहिला, तर काहीच होईना. सगळं एकत्र उकळलं, तरच गुण. मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. रोग्यांना बरं वाटायला लागलं, आणि मग राष्ट्राला वाईट वाटायला लागलं.

म्हणून 'समतुल्य वनौषधी समिती' नेमली गेली. प्रत्येक चिनी मुळीच्या जागी देशी मुळी शोधायची, एवढंच तिचं काम. अध्यक्ष प्राचार्य देवकुळे. ते वाणिज्य शाखेचे. पण मिरजेत अध्यक्ष हवा असला की तो व्याख्यानमालेला हवा आहे की यकृताला, याची चौकशी कोणी करत नसे. देवकुळ्यांना फोन लावत.

आपल्या जुन्या वैद्यांकडे प्रतिनिधी द्रव्याची रीत होतीच. एखादी वनस्पती मिळेना, तर तिच्या जागी कुठली चालेल हे त्यांनी चव, गुण, पोटात गेल्यावरचा परिणाम असं सगळं पाहून, माणसांवर वापरून ठरवलेलं. समितीने रीत घेतली आणि पाहणं वगळलं. चिनी काळी मुळी कडू होती. सह्याद्रीत एक काळी मुळी होती, तीही कडू होती. दोन वैद्यांनी हरकत घेतली. ती चहापानानंतर घ्यायचं ठरलं, आणि चहापानानंतर सगळे आपापल्या गाडीला गेले. ठराव एकमताने मंजूर झाला. काढ्याचं नाव ठेवलं यकृत्संजीवन.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर प्राचार्यांच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं.

आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाला यकृताचा कॅन्सर व्हावा, याचं गावाला नवल वाटलं. वैजयंतीबाईंना वाटलं नाही. चाळीस वर्षं प्रत्येक सत्कारानंतर श्रीखंड आणि भजी असत, आणि प्राचार्यांनी एकाही आयोजकाचं मन मोडलं नव्हतं. चरबीने आधी यकृत गिळलं, मग त्यात गाठ धरली. शस्त्रक्रियेत गाठ निघाली. खरा प्रश्न त्यानंतरचा होता.

डॉक्टर रेवती चौगुले ही वैजयंतीबाईंची विद्यार्थिनी. बाई नगरपालिकेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि रेवती अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसत नसे.

"बाई, शाळेच्या मैदानात हराळी माजायची, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? जूनमध्ये तुमच्याकडून उपटून घ्यायचे. गणपतीपर्यंत पुन्हा हजर."

"का?"

"खाली गाठी राहायच्या ना!"

"तसंच हे. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, हे गवत कापणं. खाली मूठभर मूळ पेशी राहतात. त्या झोपलेल्या असतात. आपली औषधं वाढणाऱ्या पेशी मारतात, झोपलेल्यांना ओलांडून पुढे जातात. आणि वर्षा-दोन वर्षांनी त्या उठल्या, की पुन्हा गाठ."

"मग तो काढा काय करतो?"

"दोन कामं. त्यातली लाल मुळी त्यांना उठवते. काळी मुळी त्यांना मोठं करते, म्हणजे मूळ पेशीची साधी यकृतपेशी बनवते. साधी पेशी चार दिवस काम करते, म्हातारी होते, मरते. सज्जनासारखी. पण काढा वर्षभर सलग घ्यावा लागतो, कारण सगळ्या एकाच वेळी उठत नाहीत."

मग तिने पडद्यावर तीन चित्रं लावली. प्राचार्यांच्याच यकृताचा कण नखाएवढ्या काचेच्या पट्टीवर जगवला होता. तीत रक्तासारखा द्रव खेळत होता. असं चिमुकलं यकृत करून त्यावर आधी औषध पाहायचं आणि मग माणसाला द्यायचं, ही आता रोजची पद्धत झाली होती. पहिल्या पट्टीवर काहीच दिलं नव्हतं. निळे ठिपके, म्हणजे त्या मूळ पेशी, तुरळक, निवांत. दुसरीवर मूळ चिनी काढा. निळे ठिपके जवळजवळ पुसलेले. तिसरीवर यकृत्संजीवन. तिसरी पट्टी निळीशार झाली होती.

"हे काय गं?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

रेवतीने प्राचार्यांकडे बघितलं आणि खाली मान घातली. "लाल मुळीला समितीने दिलेली जोडीदारीण बरोबर आहे, सर. ती उठवते. काळीची चुकली. ती काहीच करत नाही. म्हणजे पोरांना उठवलं, दंगा करायला मोकळं सोडलं, आणि शाळेला मात्र टाळं. हे मी वर तीनदा कळवलंय. ते म्हणतात, अध्यक्षांचं मत घ्या."

मुख्याध्यापिकेला एवढं पुरे होतं. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे यंत्र कुठलं आहे?"

"शेनझेनचं, सर."

"मग ते दुसरं काय दाखवणार?"

घरी जाताना रिक्षात बाईंनी तोंड उघडलं. विजेच्या रिक्षाला आवाज नसतो, त्यामुळे रिक्षावाल्याला सगळं ऐकू गेलं.

"तुम्ही मूळ काढा घेणार आहात."

"मी माझाच काढा घेणार आहे. मी अध्यक्ष आहे, वैजू. मी चिनी काढा प्यायलो, तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, जिवंत आहे."

"आणि नाही प्यायलो आणि गेलो, तर विचारासाठी गेलो असं होईल."

"कुठला विचार हो? काळी मुळी ही काळी असते, हा?"

"तुला राष्ट्रीय प्रश्न कळत नाहीत."

"मला ती निळी पट्टी कळली. तुमचं यकृत होतं ते! राष्ट्राचं नव्हतं!"

रिक्षावाल्याने आरशातून प्राचार्यांकडे सहानुभूतीने पाहिलं. प्राचार्य बाहेर बघत राहिले. त्यांना भीती वाटत होती, हे बाईंना दिसत होतं. आणि त्या भीतीवरही ते अध्यक्षस्थानी बसले होते. बाईंना त्याचाच जास्त राग आला.

त्याच संध्याकाळी त्यांनी सिंगापूरच्या भाचीला फोन केला. भाची ऋता दर महिन्याला मसाल्याच्या चहाच्या डब्यातून मूळ काढ्याचे पुडे धाडायला लागली. समितीचे पुडे बाई कढीपत्त्याच्या कुंडीत ओतत. कढीपत्ता कमालीचा फोफावला.

काढा शिजवायचा, उतरवायचा आणि गाळायचा. गाळायला साधी गाळणी पुरत नसे, मुळ्यांचा चोथा फार बारीक. बाईंनी कपाट उघडलं. त्यात प्राचार्यांच्या सत्काराच्या शाली छतापर्यंत रचलेल्या होत्या. बहुतेक इतक्या पातळ, की अंगावर घेतली तर पलीकडचा माणूस दिसावा. थंडीला निरुपयोगी, पांघरायला तोकड्या, कोणाला द्यायच्या तर त्यांच्याकडेही तेवढ्याच. पण काढा गाळायला त्या अप्रतिम निघाल्या. कुठल्याशा सहकारी बँकेच्या रौप्यमहोत्सवाची शाल दुहेरी करून पातेल्यावर ताणली, की काढा आरशासारखा खाली उतरे. तोच मग समितीने पुड्यांबरोबर दिलेल्या यकृत्संजीवनच्या बाटलीत भरायचा.

"आज जरा वेगळा लागतोय," पहिल्या दिवशी प्राचार्य म्हणाले.

"देशी आहे. रोज वेगळाच लागणार," बाई म्हणाल्या.

पुढल्या पावसाळ्यापर्यंत प्राचार्यांचा रंग सुधारला. ते जिने चढायला लागले, मग भाषणं करायला लागले. रेवतीने नव्याने तपासण्या केल्या आणि पडद्यावरचे आकडे दोनदा पडताळले. नंतर प्राचार्य बाहेर गेलेले पाहून तिने दार लोटलं.

"बाई, घरी काढा कोण करतं?"

"मी."

"हं."

"काय हं? बोल की सरळ."

"सरांच्या यकृतात झोपलेल्या फारच थोड्या उरल्यात. समितीच्या काढ्याने हे होणं शक्य नाही. तुम्ही काय करताय ते मला कळतंय, आणि ते चूक आहे. माणसाला न विचारता औषध द्यायचं नसतं."

"विचारलं होतं. तो नाही म्हणाला."

"म्हणून तर चूक, बाई."

"असू दे चूक. माणूस आहे ना घरात?"

रेवती खुर्चीत टेकून बसली. पहिल्यांदाच. "आहे. आणि तो गावभर सांगत सुटलाय, की यकृत्संजीवनने बरा झालो. माझे रोगी चाचणी सोडून चाललेत. मी सांगते, पट्ट्या दाखवते. ते म्हणतात, पट्टी खरी की देवकुळे सर खरे? आता याला मी काय उत्तर देऊ?"

बाईंचं उत्तर रागाच्या खाली दबलं होतं, आणि तिथून ते काढायला दिलावर सतारमेकर यावे लागले.

दिलावरभाई तंबोरे बनवत. मिरजेत त्यांच्या घराण्याचा भोपळा हातात घेतल्याशिवाय कुठल्या गवयाचं समाधान होत नसे. त्यांना हाच आजार, रेवतीच्याच चाचणीत. मूळ काढ्यावर त्यांची तब्येत बरी चालली होती. ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि बाहेरच्या ओट्यावरच बसले, कारण प्राचार्य दुपारची झोप काढत होते.

"वहिनी, तोंड गोड करा. म्या पन आता सरांचंच औषध घेनार."

बाईंच्या हातातला पेढा हातातच राहिला. "का? तुम्हाला त्या चिनी काढ्याने गुण येतोय ना?"

"येतोय की. न्हाई कोन म्हन्तंय? पन वहिनी, गल्लीत पोरं बोलत्यात. 'चाचा, चीनचं पानी प्यालासा का आज?' हसत्यातच, पन बोलत्यात. देवकुळे सरांनी देशी घेतलं तर त्यांचा मान वाढला. आमच्यासारख्यानं चिनी प्याचं म्हंजे…" त्यांनी तळव्यावरची लाकडाची भुकटी फुंकली. "बरं न्हाई दिसत. आन् आता सरच बरे झाले म्हन्ल्यावर प्रश्नच मिटला. त्यांच्या सत्काराला स्टेजवर माझ्या हातात पहिली बाटली देनार हायेत. पेपरात फोटो येतोय. मग बोलतंय कोन!"

दिलावरभाई गेल्यावर बाईंनी पेढ्यांचा पुडा फळीवर ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचं पातेलं इतक्या जोरात आदळलं, की प्राचार्य जागे झाले.

"काय झालं?"

"काही नाही. एक माणूस मरायला निघालाय, आणि त्याचा फोटो येणार आहे."

"कोण गं?"

"झोपा तुम्ही."

प्राचार्यांचा अमृतमहोत्सवी सत्कार त्याच सभागृहात झाला. फुलांची कमान, पंच्याहत्तर दिवे, आणि माइकही तोच. अशा समारंभात सौभाग्यवतींचं काम ठरलेलं असतं. त्यांनी शेजारच्या खुर्चीवर बसायचं, कोणीतरी त्यांची ओटी भरायची, आणि नंतर सूत्रसंचालकाने म्हणायचं, "वहिनींनी दोन शब्द बोलावेत." मग वहिनींनी लाजून मान हलवायची आणि सभागृहाने कौतुकाने हसायचं. ही रीत इतकी पक्की, की सूत्रसंचालकाने ते वाक्य म्हणतानाच पुढचा कागद उलटला होता.

दिलावरभाई इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात स्टेजवर आले. प्राचार्यांनी बाटली उचलून त्यांच्या हातात दिली. "मी, बंधुभगिनींनो, चालताबोलता पुरावा आहे!"

टाळ्या ओसरल्या. सूत्रसंचालक म्हणाला, "वहिनींनी दोन शब्द बोलावेत."

वैजयंतीबाई उठल्या. ओटीतला नारळ त्यांनी खुर्चीत ठेवला आणि माइक घेतला.

"पुरावा खोटा आहे," त्या म्हणाल्या. "यांच्या बाटलीत गेले कित्येक महिने चिनी काढा आहे. मी रोज भरते. यकृत्संजीवन आमच्या कढीपत्त्याला घालते. कढीपत्ता उत्तम आहे, कोणाला फोडणीला हवा असेल तर घेऊन जा. पण माणसांना तो काढा देऊ नका. त्याने आजार नुसता उठतो, मरत नाही. डॉक्टर चौगुले घसा कोरडा करून सांगतेय, आणि तुम्ही…"

माइकमधली गोड बाई चिनीत बोलू लागली.

"थांब गं, माझं होऊ दे," बाई तिला म्हणाल्या आणि माइक टेबलावर ठेवून दिला. साडेतीनशे पोरांच्या मैदानावर घडवलेला आवाज होता तो. "तुम्ही टाळ्या वाजवताय! हा दिलावर बरा होत होता. बरा होणाऱ्या माणसाला तुम्ही टोमणे मारून मारून औषध सोडायला लावलंत! काढा कुठला, हे त्याला विचारता? तुमच्या डोक्यावर हे दिवे कुठले आहेत ते विचारलंत कधी? लाज नाही वाटत? आणि अहो, तुम्ही. निळी पट्टी तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिलीत. स्वतः मरायला तयार होता, ठीक आहे, हौस एकेकाची. याला कशाला बरोबर नेता?"

त्यांनी दिलावरभाईंच्या हातातून बाटली काढून घेतली. दिलावरभाईंनी ती सोडली, सहज, जणू जड झाली होती.

"फसवलं मी यांना," बाई म्हणाल्या. "ते माझं मी बघेन. दिलावर, उद्या सकाळी रेवतीकडे जायचं. पोरं काही बोलली तर मला सांग. त्यातली निम्मी माझ्या हाताखालून गेलीत."

सभागृहात कोणी बसलं, कोणी उठलं, कोणी मोबाइल वर धरले. मागच्या रांगेतून 'देशद्रोही' असा एक आवाज आला. बाईंनी "कोण रे तो? उभा राहा!" म्हटल्यावर कोणीच उभं राहिलं नाही. आभारप्रदर्शन झालं नाही. अल्पोपाहार मात्र झाला. तो कधी रद्द होत नाही.

घरी आल्यावर प्राचार्य कोट न काढता कोचावर बसले. बाईंनी साडी बदलली, दिवा लावला.

"तू मला फसवलंस," ते म्हणाले.

"हो."

"माझ्याच घरात. माझ्याच बाटलीतून."

"हो. चुकलंच ते. पण तुम्ही मेलेले मला बघवले नसते, आणि तुमच्याशी वाद घालायला वर्ष शिल्लक नव्हतं."

"माझी समिती, माझं नाव, सगळं गेलं. उद्या पेपरात काय येईल, कल्पना आहे?"

"दिलावरचा फोटो येणार नाही. तेवढं मला पुरे."

"मी तिथेच मेलो असतो तर बरं झालं असतं."

"मग मरा!" बाईंचा आवाज पहिल्यांदा फाटला. "आजपासून मी लपवणार नाही. आत ओट्यावर स्टेजवरून आणलेली तुमच्या समितीची बाटली असेल, आणि शेजारी मूळ काढा. वर्ष व्हायला अजून वेळ आहे, थोड्या अजून झोपल्यात आत. हवं ते प्या. काहीच नको असेल तर नका पिऊ. मी आता कोणाची शाळा घेणार नाही. दमले मी."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. गॅस पेटवला, कारण संध्याकाळच्या काढ्याची वेळ झाली होती आणि दुसरं काही सुचत नव्हतं. काढा उकळला. कडू वास घरभर पसरला. त्यांनी आजच मिळालेली शाल घेतली, कोरी, सोनेरी किनारीची. अमृतमहोत्सवाची. ती दुहेरी करून पातेल्यावर ताणली आणि गाळायला सुरुवात केली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

दारात सावली पडली. प्राचार्य उभे होते. त्यांनी समितीच्या बाटलीकडे पाहिलं. पातेल्याकडे पाहिलं. मग शालीकडे पाहिलं, आणि त्यांना बऱ्याच गोष्टी एकदम कळल्या असाव्यात, कारण ते पुढे आले आणि शालीचं टोक त्यांनी दोन बोटांत धरून पाहिलं.

"वैजू," ते म्हणाले.

"काय?"

"ही नको. हिची वीण फारच सैल आहे. सगळा चोथा तोंडात येईल." ते घुटमळले. "ती बँकेच्या रौप्यमहोत्सवाची आहे ना, तिच्यातून गाळ की जरा."